पोरांच्या शिकण्याची खबर

जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत मी पहिल्यांदा रुजू झाले, तिच्या लोखंडी पेटीत एक जुनं शेरेबुक होतं. वर कापडी बांधणी, आत पिवळे पडलेले कागद. पहिली काही पानं मोडीत होती, ती मला लागत नव्हती. पुढची बाळबोध. शाळा लोकल बोर्डाची असतानाची पानं होती ती. जिल्हा परिषदा आल्या 1 मे 1962 ला, त्याच्या कितीतरी आधीची. साहेब येत, पट मोजत, हजर मुलं मोजत, प्रत्येक इयत्तेला दोन-चार प्रश्न विचारत आणि जाताना शेरा लिहीत. वाचन बरे. गणित कच्चे. हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे. आवार झाडलेले होते. पान उलटलं तरी हेच, फक्त सही वेगळी.

त्या बुकात एकाही मुलाचं नाव नव्हतं, आणि याचं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. पुढे नोकरीभर मी स्वतः इतकी रजिस्टरं भरली की मूल काय शिकलं हे लिहून ठेवायची आपल्याकडची रीत आली कुठून, हा प्रश्न डोक्यात बसला. सरकारी रीत आणि घरची रीत अशा दोन वाटा दिसतात. दोन्ही बऱ्याच लांब जातात आणि फार क्वचित एकमेकींना भेटतात.

सरकारी वाट सोपी आहे. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं, इन्स्पेक्टर आले, आणि त्यांच्या हाताखालचे डेप्युटी, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडचे ‘दिपोटी’. 1860 च्या दशकात विलायतेतून आणखी एक कल्पना इकडे आली: निकालावर पैसे. मुलं परीक्षेत जितकी उतरतील त्या मानाने शाळेला अनुदान. इंग्लंडात ही पद्धत 1862 मध्ये सुरू झाली होती. मुंबई इलाख्यात ती खासगी शाळांच्या अनुदानाला लागू झाली. कर्झनच्या सरकारने 1904 च्या ठरावात ती मोडीत काढली, पण तोवर दोन पिढ्यांच्या मास्तरांना सवय लागून गेली होती. दिपोटीसमोर कोणतं पोर उभं करायचं आणि कोणतं मागच्या बाकावर ठेवायचं, हे मास्तर वर्षभर आधी ठरवून ठेवू लागला.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये असावा ही मागणी आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. तपासणीबद्दल ते जे म्हणाले त्याकडे कमी लक्ष जातं. दिपोटीच्या वर्षातून एकदाच्या भेटीने फारसं काही साधत नाही, शाळा निदान तिमाहीला तपासाव्यात, आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता भेट द्यावी, असं त्यांनी सुचवलं. वर्दी न देता! जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतः शाळा चालवल्या होत्या. वर्दी मिळाली की शाळा कशी सजते, हे त्यांना दुसऱ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

घरची वाट याहून जुनी आहे, फक्त तिच्यात कागद नव्हता. पंतोजीच्या शाळेत पोर धूळपाटीवर अक्षर काढायचं आणि पुसायचं. काल काय काढलं होतं याचा पुरावा आज उरत नसे. पुरावा असायचा तोंडात. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. शुभंकरोति झालं की तिथी, महिने, नक्षत्रं, मग पाढे, आणि पाढ्यांच्या पाठीमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजोबा पडवीत सुपारी कातरत बसलेले असत, आजी जात्याशी किंवा चुलीशी. कुणी परीक्षक नव्हता, पण अडखळलेला आकडा सगळ्यांना ऐकू जायचा आणि कुणीतरी आतूनच दुरुस्त करायचं. शेजारच्या घरचा परवचाही भिंतीपलीकडून ऐकू यायचा. कोणाचं पोर औटकीपर्यंत पोचलं याची खबर आळीला रोजच्या रोज मिळत होती. हे सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. हे वैभव ठरावीक घरांतलं, बहुतेक मुलग्यांचंच. ज्या घरांना शाळेचा उंबरठाच बंद होता, तिथे दिव्यापुढे पाढे येणार कुठून?

आमच्या घरी परवचाही होता आणि कागदही, आणि त्याला कारण मुंबईची गिरणी.

माण-खटावचा पट्टा पावसाच्या दयेवर. बापाने लालबाग-परळात गिरणीत काम करायचं, आईने पोरं आणि दोन एकर सांभाळायची, हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा संसार होता. माझे वडील साळखात्यात मागावर होते. गणपती किंवा जत्रा, कधी दिवाळी, एवढ्यापुरते घरी यायचे. बाकी वर्षभर बाप म्हणजे मनिऑर्डर आणि पत्र. आई व्हर्नाक्युलर फायनल झालेली. त्या काळी आमच्या आळीत तिच्याइतकी शिकलेली बाई नव्हती. त्यामुळे इतरांची पत्रं लिहायलाही बाया तिच्याकडेच यायच्या. 2 ऑक्टोबर 1950 पासून अंतर्देशीय पत्र निघालं होतं, पण आमच्याकडे सवय पोस्टकार्डाची. अंतर्देशीय घ्यायचं ते मुलांचं काही सांगायचं असेल तेव्हा, कारण कार्डावर जागा पुरत नसे.

त्या पत्रांतला मजकूर पेरणी, म्हैस, सासूबाईंचा दमा असा सुरू व्हायचा आणि अर्ध्यावर आमच्यावर यायचा. थोरलीला, म्हणजे मला, सतराचा पाढा येतो. धाकटा घड्याळ बघायला शिकला, पण घड्याळ फक्त पाटलांकडे असल्याने रोज तिकडे पळतो. मोठी आता पत्ता स्वतः लिहिते, या पत्रावरचा पत्ता तिचाच आहे. वडिलांचं उलट पत्र यायचं त्यात आमच्यासाठी गणित असे. ते मागावरचे असल्यामुळे गणितही कापडाचं. साडेतीन वाराचे सात तुकडे कापले तर ताका किती वारांनी कमी झाला? मी औटकी घालून साडेचोवीस वार असं लिहून पाठवायची. पुढच्या पत्रात उत्तर बरोबर आल्याचं आणि नवं गणित. चूक झाली असेल तर ते चूक म्हणत नसत, तेच गणित पुन्हा घालत.

मोठी झाल्यावर कळलं की ती पत्रं एकटे वडील वाचत नव्हते. लालबागच्या त्या खोलीत आमच्याच भागातली माणसं पाळीपाळीने राहायची. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी पसरायची. रविवारी पत्रं मोठ्याने वाचली जात, कारण त्यांतल्या काहींना वाचता येत नव्हतं. म्हणजे माझा सतराचा पाढा गिरणगावातल्या एका खोलीला पाठ होता. एकदा गावाकडे आलेल्या एका काकांनी मला अंगणात थांबवून विचारलं, “काय गं, पत्ता अजून तूच लिहितेस का?” मी त्यांना ओळखतही नव्हते. त्याच खोलीतून कुणाच्या तरी हाती माझ्यासाठी दोन टोकांची, लाल-निळी पेन्सिल आली होती. आणि ज्यांच्या घरी लिहिणारं कुणी नव्हतं, त्यांनी आपल्या बायकांना निरोप धाडला, पुढच्या खेपेला पोरांचं पण लिहून पाठव. त्या बाया आईकडे यायच्या आणि पायरीवर बसून विचारात पडायच्या: पोर शिकलं म्हणजे काय झालं, ते सांगायचं कसं? आई त्यांना प्रश्न विचारून बोलतं करायची. बाजारात सुटे पैसे मोजतो का? भावंडाला गोष्ट सांगते का? कुठलं गाणं पाठ आहे? कोंबड्या किती ते न चुकता सांगतं का? आपल्या पोराकडे असं पाहायचं असतं, हे त्यातल्या कित्येकींना त्या पायरीवरच सुचलं असणार.

आईची आणखी एक वही होती. दुधाच्या हिशेबाची. पुढून रतीब, मागून आम्ही. ती गेल्यावर माझ्या हाती आली तेव्हा मी ती पत्रांशेजारी ठेवून वाचली, कारण वडिलांनीही पत्रं ट्रंकेत जपली होती. एकाच महिन्यातली दोन लिखाणं. पत्रात आहे: धाकटा वाचायला लागला. वहीत आहे: वाचत नाही, पाठ म्हणतो, पुस्तक उलटं धरलं तरी तोच धडा म्हणतो, बोट भलत्याच ओळीवर असतं. पत्रात माझं गणित चांगलं. वहीत, हातचा घ्यायचा विसरते, विसरलं हे कळतं पण पुसायचा कंटाळा. माझा नापास झालेला विषय एकाही पत्रात नाही. खोलीभर वाचलं जाणार हे आईला ठाऊक होतं, आणि साळखात्यात उभ्या असलेल्या माणसाला लांबून काळजी लावून काय मिळणार होतं? पण स्वतःसाठी तिने खरं ते लिहून ठेवलं. उलटं धरलेलं पुस्तक हे माझ्या मते आमच्या घराण्यातलं सगळ्यात उत्तम शैक्षणिक निरीक्षण आहे. डी.एड.ला मला दोन वर्षांत कुणी त्या तोडीचं दाखवलं नाही.

आईसारखं काम करणारी माणसं जगात आणखी होती, हे मला निवृत्तीनंतर वाचनात कळलं. सगळ्यांत नावाजलेला बाप चार्ल्स डार्विन. त्याचा थोरला मुलगा विल्यम 27 डिसेंबर 1839 ला जन्मला आणि पहिल्या आठवड्यापासून डार्विनने त्याच्या शिंका, जांभया, दचकणं टिपायला सुरुवात केली. आरशातलं रूप ओळखणं, वर्षाचा झाल्यावर खाण्यासाठी स्वतःच बनवलेला ‘मम्’ हा शब्द, सगळं वहीत आहे. पण मला आवडलेली नोंद चोरीची. विल्यम पावणेतीन वर्षांच्या आतबाहेर असताना जेवणघरातून बाहेर येताना बापाला भेटला. डोळे चमकत होते आणि चालण्यात काहीतरी कृत्रिम होतं. मनाई असलेली साखर खाऊन आला होता. दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच खोलीतून आला, तेव्हा अंगावरचा एप्रन नीट गुंडाळून धरलेला. आत लोणच्याचा डाग. डार्विनने मुलाला शिक्षा केली नाही. लपवाछपवीची योजना करण्याइतकी या वयात बुद्धी येते, असं टिपून ठेवलं.

ही वही कपाटात पडून राहिली. फ्रेंच लेखक इपोलित तेन याने आपल्या मुलीच्या भाषेविषयी लिहिलेला लेख 1877 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात इंग्रजीत आला, तेव्हा डार्विनला आपली वही आठवली आणि त्याच वर्षी त्याने तिच्यावरून लेख लिहिला. लोणच्याचा डाग जगाला दिसला तेव्हा विल्यम सदतिशीचा होता आणि साउदॅम्प्टनला बँकेत भागीदार होता. एवढी वर्षं मध्ये गेली हे चांगलंच झालं. साखर चोरणाऱ्या पोराचा एव्हाना भारदस्त गृहस्थ झाला होता आणि डाग त्याला चिकटण्याची भीती उरली नव्हती.

डार्विनच्या मागून बापांची रांगच लागली, त्यात जर्मनीतल्या विल्हेम प्रायरचं 1882 चं पुस्तक मोठं. पण खरं काम बायांचं होतं, आणि ते मोजलं गेलं नाही तितकं. ब्रेस्लाऊ शहरातल्या क्लारा स्टर्नने 1900 पासून 1918 पर्यंत हिल्डे, ग्युंटर आणि एवा या तीन मुलांच्या नोंदी ठेवल्या. हजारो पानं. नवरा विल्यम स्टर्न मानसशास्त्राचा प्राध्यापक. पण रोज मुलांमागे असणारी, त्यांचं वाक्य तसंच्या तसं कागदावर उतरवणारी बहुतांशी क्लारा. निदान 1907 साली मुलांच्या भाषेवरचं त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर दोघांची नावं होती. अमेरिकेत मिलिसेंट शिन या अविवाहित बाईने भावाच्या मुलीचं, रूथचं, वाढणं टिपलं, त्याच नोंदींवर कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट 1898 मध्ये मिळवली. तिथे ती मिळवणारी ती पहिली स्त्री. आणि मग घरच्यांची देखभाल करायला ती शेतावर परतली. भारतात असो वा तिकडे, हा शेवट ओळखीचा आहे.

आपल्याकडे ही नजर शाळेत आणली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत ताराबाई 1923 मध्ये गेल्या, 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसोरीबाईंची शिकवण अशी की शिक्षिकेने आधी गप्प बसून बघावं, मग टिपावं, मग जरूर तर हात लावावा. गप्प बसणं हे आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड. ताराबाईंनी ही शिकवण मुंबईतल्या सुखवस्तू घरांपुरती ठेवली नाही. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वाड्यावरची मुलं केंद्रात येईनात, तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात नेलं. अंगणवाडी हे नाव तिथलं. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 पासून देशभर जी योजना राबवली तिने ते उचललं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथे बाई जाणार.

कुरणशाळेची आठवण मला माझ्या वर्गातल्या धनगरांच्या पोरांमुळे येते. दिवाळी झाली की बिऱ्हाडं मेंढरं घेऊन बाहेर पडायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. हजेरीपटावर महिनोन्महिने आडव्या रेघा आणि शेवटी ‘सतत गैरहजर’. परतल्यावर त्यातली एक मुलगी मला सांगायची, कोणत्या मेंढीला कधी कोकरू झालं, किती विकली, व्यापाऱ्याने किती दिले, त्यातून मीठ-मिरचीला किती गेले. वजाबाकी तोंडी, हातच्यासकट. मुक्कामाच्या गावांची नावं क्रमाने. हे सगळं शिकणं कुठल्या रकान्यात लिहायचं? हजेरीपटाला तो रकानाच नव्हता. तिच्या आईला मी एकदा म्हटलं, पोरगी हुशार आहे हो. ती म्हणाली, “मला ठावं हाय, पर तुमच्या पुस्तकात तसं न्हाई ना.”

पुस्तक म्हणजे प्रगतिपुस्तक. त्यात पालकासाठी जागा होती एक: सही किंवा अंगठा. गुणांखाली शाईने उमटलेले अंगठे मी वर्षानुवर्षं पाहिले. ज्या माणसाने मुलाला चोवीस तास पाहिलं आहे, त्याच्याकडून शाळेला फक्त मजकूर पोचल्याची खूण हवी होती.

मग नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमता आल्या, प्रत्येक क्षमतेला क्रमांक, क्रमांकापुढे खूण. त्यावर वेळ घालवत नाही. खरी मौज 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने आली. शिक्षण हक्क कायदा नुकताच लागू झाला होता, आणि त्याला धरून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. कागदावर ते फार सुंदर होतं, हे मी आजही म्हणेन. पहिली-दुसरीला 70 गुण आकारिक, फक्त 30 संकलित. आकारिकात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी आठ साधनं. आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. म्हणजे शेरेबुकात दीडशे वर्षं जे पोर नव्हतं, ते आता नावानिशी येणार होतं. ताराबाईंना जे हवं होतं त्यावर सरकारची मोहोर बसली.

वर्षभरात बाजारात पुस्तिका आल्या. तयार वर्णनात्मक नोंदी, विषयवार, इयत्तावार. भाषेसाठी इतक्या, गणितासाठी इतक्या. आत्मविश्वासाने बोलतो. परिपाठात सहभागी होतो. कवितांचे तालासुरात गायन करतो. मार्च-एप्रिलमध्ये केंद्रातल्या शाळाशाळांतून ही वाक्यं एकीकडून दुसरीकडे उतरत गेली, मुलगी असेल तिथे ‘करतो’चं ‘करते’ करायचं एवढीच मेहनत. मी शिक्षकांना नावं ठेवत नाही. दोन वर्ग एकीकडे, पोषण आहाराचा हिशेब, जनगणना, निवडणूक, आणि त्यात चाळीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी वेळेत वर सादर करायच्या. जी नोंद वर जायची असते ती वरच्याला हवी तशीच होते. दिपोटीच्या वेळी पोर सजवलं जात होतं, आता वाक्य सजलं. एका केंद्रसंमेलनात एक तरुण शिक्षक उठून म्हणाला, माझा एक विद्यार्थी बोलतच नाही, पण बैलगाडीचं हुबेहूब चित्र काढतो, याला पुस्तिकेत नोंद सापडेना. लोक हसले. साहेब म्हणाले, कलेच्या रकान्यात ‘आवड आहे’ असं लिहा.

लिहिलेलं वर न पाठवता आडवं पाठवायचं, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला, याचीही एक परंपरा आहे आणि मला तीच जास्त कामाची वाटते. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकाने शाळा सुधारण्याची आशा सोडल्यावर 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ नावाचं पत्रक सुरू केलं. मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबापांची पत्रं, आणि त्यांना होल्टची उत्तरं. अमुक मुलगा वयाची आठ वर्षं वाचत नव्हता, मग काय झालं. अमुक मुलीने भाकऱ्या-पावाच्या मापांतून अपूर्णांक कसे काढले. होल्ट 1985 मध्ये गेला, पत्रक 2001 पर्यंत चाललं. शाळेशिवाय मुलं वाढवणं मला आमच्या तालुक्यासाठी पटत नाही. शाळा होती म्हणून मी आणि ती धनगरांची मुलगी निदान एका खोलीत बसलो. पण पत्रांमागची गरज मी ओळखते. ती लालबागच्या खोलीतलीच. पुण्यातून 1987 पासून निघणारं ‘पालकनीती’, कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालयाच्या अनुभवांवर केलेलं लिखाण, हे आपल्याकडचं त्याच जातीचं काम. त्यांच्यात मुलं अडखळलेली दिसतात. मोठी माणसंही.

लालबागला जाणारी आमची पत्रं मात्र त्याआधीच संपली होती. आम्ही मोठे झालो, आणि 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर वडील जे गावी आले ते परत गेलेच नाहीत. खोलीतली माणसं पांगली. पुढच्या पिढीच्या शिकण्याची खबर कोणी कोणाला द्यायची, ते ठिकाणच उरलं नाही.

आता ठिकाणांना तोटा नाही. माझी नात पुण्यात असते. ती काय शिकली हे मला दिवसातून दोनदा फोनवर दिसतं: मातीचा डोंगर, पहिली पोहण्याची लांबी, आजीला उद्देशून केलेली कविता. सूनबाई हौसेने पाठवते आणि मी हौसेने पाहते, यात खोटं काही नाही. पण परवा डोंगर करता करता नातीने मान वळवून विचारलं, “आई, घेतेयस ना?” आणि केस नीट केले. मी सूनबाईला म्हटलं, आलेल्या क्षणातला निम्मा पाठव, निम्मा वहीत ठेव. ती म्हणाली, “आई, वहीतला कोण बघणार?” तिच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता, मी काही बोलले नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपुस्तकाची कल्पना आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्यांनी लिहायचं. अंगठ्याच्या जागी रकाना मिळाला तर पालक त्यात काय लिहितील याची मला उत्सुकता आहे. तयार अभिप्रायांच्या पुस्तिका निघाल्या तर आश्चर्य वाटणार नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी धाकट्याला वाचून दाखवला, कारण उलटं पुस्तक त्याचं होतं. तो आता इंजिनियर म्हणून निवृत्त झाला आहे, वजनदार माणूस आहे. ऐकून त्याला हसू आलं नाही. म्हणाला, “आईची वही आहे ती, छापायला तुला कोणी सांगितलं?” बराच वाद झाला. शेवटी त्याने एका अटीवर परवानगी दिली, की त्याच वहीतली दोन पानांपुढची नोंदही मी लिहावी. ती अशी: त्या दिवाळीला धाकटा खरंच वाचायला लागला. स्टँडवर बापाला उतरवून घ्यायला गेला असताना एस.टी.च्या पाटीवरचं ‘दहिवडी’ त्याने बोट लावून, न सांगता वाचलं, आणि मग कंडक्टर ओरडेपर्यंत प्रत्येक गाडीपुढे जाऊन उभा राहिला.